नागप्पाच्या मागचं जेवण

नागप्पा गेला त्या दिवशी त्याच्या विहिरीत दीड परस, म्हणजे दीड माणूस बुडेल एवढं, पाणी होतं, आणि सगळ्या पांगरवाडीत पाणी म्हणून तेवढंच होतं.

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं होतं. कचेरीच्या कामाला आता उस्मानाबाद गाठावं लागत नाही, एवढाच काय तो फरक गावाला कळला होता. बाकी सलग दोन सालं पावसानं पाठ फिरवलेली. गावातले दोन्ही हापसे नुसते खडखडायचे. सरकारी टँकर आठवड्यातून एकदा आला तर आला. नागप्पानं उन्हाळा लागताच आपला ऊस वाळू दिला, पाण्याचं इंजन काढून गोठ्यात ठेवलं आणि विहीर गावाला मोकळी केली. घरटी दोन घागरी. कुणी कुणाची जात विचारायची नाही आणि कुणी तिसरी घागर भरायची नाही. स्वतः म्हातारा विहिरीच्या कडेला घोंगडी टाकून दिवसभर बसायचा. दोन महिने असं चाललं. मग त्याला ताप भरला, छातीत कफ झाला आणि वैशाखाच्या पहिल्याच आठवड्यात तो गेला.

विहिरीपासून पन्नास पावलांवर, त्याच्याच रानात खड्डा घेतला होता. लिंगायताला जाळत नाहीत, बसवून पुरतात. भीमाशंकर स्वामी खड्ड्यात उतरले. ते गावचे जंगम. लिंगायतांच्या घरचं लग्न, बारसं, मरण, सगळं त्यांच्याच हातानं व्हायचं. गाव त्यांना अय्या म्हणायचं. त्यांनी विभूती लावली, बेल वाहिला, आणि रीतीप्रमाणे मेलेल्याच्या मस्तकावर आपला पाय टेकवला. चारच दिवसांपूर्वी याच डोक्याखाली त्यांनी उशी सारली होती.

माती लोटून झाली तसा नागप्पाचा थोरला, बसलिंगप्पा, हात जोडून पुढं आला. चाळिशीचा, पांढरे कपडे, भरलेला गडी. उदगीरला त्याचं दुकान होतं आणि जिल्हा वेगळा झाल्यापासून लातूरच्या वाऱ्या वाढल्या होत्या. येत्या जिल्हा परिषदेला त्याला उभं राहायचं होतं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"अण्णाच्या मागं अकराव्या दिवशी गणाराधना व्हईल," तो म्हणाला. "पाच गावांना चूलबंद आवतण. लातूरहून मोठी माणसं येणार हायेत. हुग्गी, बुंदी, वरणभात. कुणी उपाशी जाणार न्हाई."

गर्दीत चलबिचल झाली. चार महिने भाकर आणि ठेच्याखेरीज गावानं ताटात काही पाहिलं नव्हतं. गव्हाच्या गोड हुग्गीचं नुसतं नाव काढल्यावर मागच्या बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या.

अय्यांच्या हातात विभूतीची गोळी तशीच होती. आता बोलावं, त्यांना वाटलं. हीच वेळ आहे.

बसलिंगप्पा त्यांच्याकडं वळला. "अय्या, मुहूर्त तुमीच सांगा."

अय्यांनी सांगितला.

घरी येईपर्यंत त्यांच्या कानात नागप्पाचा घोगरा आवाज घुमत होता. चार दिवसांपूर्वी, भर दुपारी, म्हाताऱ्यानं बायकोला औषधाच्या निमित्तानं बाहेर धाडलं होतं आणि अय्यांचा हात धरला होता.

"अय्या, एक विचारू? लिंगायताला सुतक न्हाई, श्राद्ध न्हाई, पिंड न्हाई, असं तुमीच सांगता. मग मेल्यावर गावजेवण कुठून आलं?"

"रीत हाय," अय्या म्हणाले होते.

"रीत हाय. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या बापाच्या मागं म्या हीच रीत केली. त्या सालीबी आमचीच हीर जिवंत व्हती. जेवणं उठली आन हिरीत नुस्ता गाळ. कुणी काय बोललं न्हाई, जेवले व्हते ना सगळे. म्हशी मातर तीन दिस हंबरत व्हत्या. मला ते अजून ऐकू येतंय." मग त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "माझ्या मागं जेवण घालू नका. पाच जंगम बसवा, भाकर-आमटी वाढा, लई झालं. आन हिरीला कुलूप लावू देऊ नका. पोरगं माझं ऐकणार न्हाई. घरची ती पोराच्या तोंडाकडं बघती. तुमीच सांगा. लिंगावर हात ठेवून जबान द्या."

अय्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून जबान दिली होती. मरणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

दारात त्यांची बायको रत्नम्मा उभी होती. सुतक पाळत नसले तरी तिनं पाय धुवायला तांब्याभर पाणी बाजूला ठेवलं होतं. "बसलिंगप्पानं चारचौघांत तुमालाच मुहूर्त विचारला म्हणं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "जावयाचं ध्यानात हाय ना त्याच्या?"

त्यांची लेक, गुरम्मा, आत पोरीला निजवत होती; पण तिचा हात थांबला, हे अय्यांना दिसलं. दीड वर्ष झालं, ती माहेरीच होती. उदगीरची तेलाची घाणी बंद पडली, तसा नवरा हातावर हात ठेवून भावाच्या घरी बसला. तिथं दोन तोंडं वाढवायला जागा नव्हती. नव्या जिल्ह्यात कचेऱ्या निघाल्या होत्या, शिपायांच्या जागा निघाल्या होत्या, आणि त्यातली एक जावयाला मिळवून देतो असं बसलिंगप्पानं संक्रांतीला कबूल केलं होतं.

"ध्यानात हाय," अय्या म्हणाले आणि तांब्यातलं निम्मं पाणी परत रांजणात ओतलं.

चौथ्या दिवशी सकाळी बाया घागरी घेऊन गेल्या, तर विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. नागप्पाचा सालगडी रामकिशन काठी घेऊन उभा. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की हे काम त्याला आवडलेलं नाही.

"मालकाचा हुकूम हाय," तो म्हणाला. "पाणी साठू द्यायचंय. जेवण झालं की मोकळी."

"तवर काय प्यायचं?"

"नदीत झिरे हायेत म्हणं."

नदी म्हणजे दीड कोसावरचं वाळूचं पात्र. वाळू दोन-तीन हात उकरली की खाली ओल लागायची, आणि वाटीनं वाटीनं भरत घागर व्हायला तास लागायचा. बाया बडबडल्या, कुणी मेलेल्या नागप्पाचं नाव घेऊन डोळे पुसले, कुणी म्हणालं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, मग पोटभर गोडधोड आहेच. आणि त्या नदीकडं वळल्या. बांधावर उभे असलेले अय्या बाभळीमागं सरकले. त्यांना कुणाच्या नजरेला नजर द्यायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धीर केला आणि नागप्पाच्या वाड्यासमोर गेले. मांडवाचे डांब रोवणं चाललं होतं. उदगीरचा आचारी चुलखंडाची जागा पाहत होता. बसलिंगप्पानं त्यांना बाजूच्या बाजेवर बसवलं, चहा मागवला.

"बरं झालं आलात. तुमच्या जावयाचं काम झाल्यातच जमा हाय. लातूरच्या साहेबांशी बोलणं झालंय. ते खुद्द जेवणाला येणार हायेत, तुमच्यासमोरच सांगतील."

अय्यांनी बशी खाली ठेवली. "बसलिंगप्पा, अण्णाच्या मनात... मला ते बोलले व्हते. थोडक्यात करा म्हणले. पाच जंगम आन..."

बसलिंगप्पानं हातानं आचाऱ्याला लांब जायला खुणावलं. मग तो बाजेवर जवळ सरकला. आवाज चढवला नाही.

"अय्या, ताप चढलेला माणूस काय बी बोलतो. अण्णा तर शेवटी मला बी वळखत नव्हता. पाच गावांत आवतण गेलंय. आता जेवण मोडलं तर लोक काय म्हणतील? बापाच्या मागं दोन घास घालायला पोराचं मन झालं न्हाई. ही बेइज्जती घेऊन मी लातूरला कोणत्या तोंडानं जाऊ?" थोडं थांबून तो म्हणाला, "हे तुमच्या-माझ्यातच ऱ्हाऊ द्या. तुमच्या गुरम्माचं वय काय हाय हो? लई दिस माहेरी ठेवू नये लेकीला."

अय्यांनी चहा संपवला. घरी येताना त्यांनी स्वतःची समजूत घातली: आपण सांगितलं. जबान दिली होती सांगायची, ती पाळली. पुढचं त्याचं तो बघेल. पण त्या रात्री इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले, तर मंत्राचा धागा तीनदा तुटला.

आठव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला नदीकडून आरडाओरडा आला. माणसं पळाली, अय्याही पळाले.

झिरा रोज उकरून उकरून पुरुषभर खोल झाला होता. कडेची वाळू सुकून भुसभुशीत झालेली. साखराबाई आत उतरून वाटीनं पाणी भरत असताना ती कड सगळीच्या सगळी तिच्या अंगावर आली होती. साखराबाई पलीकडच्या वस्तीतली, मोलमजुरी करणारी, पन्नाशीची रांडमुंड बाई. वाळूच्या वर तिचं डोकं आणि एक हात तेवढा दिसत होता. तिची सून काठावर बसून तोंडावर मारून घेत होती.

"पाय ठेवू नका कडंला! अजून ढासळंल!" कुणीतरी ओरडलं.

अय्या पोटावर पडले आणि हातांनी वाळू ओढायला लागले. आणखी चौघे पडले. जेवढी काढावी तेवढी पुन्हा आत यायची. साखराबाईचा श्वास तुटक येत होता, डोळे पांढरे व्हायला लागले होते. अय्यांची नखं फुटली. शेवटी धोतर काखेखालून घालून पाच जणांनी तिला ओढलं, तेव्हा तिनं किंकाळी फोडली. तिचा उजवा पाय मांडीपाशी भलताच वळला होता.

वाळूवर पडल्या पडल्या तिनं विचारलं, "घागर फुटली का गं?"

"हाय माय, हाय घागर," सून रडत म्हणाली.

"भरली व्हती निम्मी," साखराबाई म्हणाली आणि शुद्ध हरपली.

तिला बैलगाडीत घालून उदगीरला नेलं. अय्या मात्र गावात न जाता तडक नागप्पाच्या घरी गेले, मागच्या दारानं. नागप्पाची बायको, शिवकांता, आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. अय्यांच्या अंगावर वाळू होती, बोटांना रक्त. ते उंबऱ्यातच खाली बसले.

"अक्का, एक सांगायचं हाय. आठ दिस झाले, पोटात ठेवलंय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. म्हातारा काय बोलला, कसा बोलला, म्हशींचं हंबरणंसुद्धा.

शिवकांता भिंतीपासून सरकून पुढं बसली. मग म्हणाली, "मला कामून न्हाई सांगितलं त्यांनी?"

अय्या बोटांवरची वाळू चोळत राहिले.

"सेहेचाळीस सालं एका घरात काढली, अय्या. ते कुठल्या कुशीवर झोपतात ते मला ठाऊक. आन शेवटचं बोलायची येळ आली तर मला औषधाला बाहेर धाडलं." तिचा आवाज फुटला नाही, कोरडाच राहिला. "काय म्हणले माझ्याबद्दल? खरं सांगा."

"पोराच्या तोंडाकडं बघती म्हणले."

"हाव, बघती. आता दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडं बघू?" तिनं पदर सावरला. "जावा तुमी. मला काय सांगू नका आता."

नवव्या दिवशी मांडवात बैठक बसली. भावकीतले वीस-पंचवीस जण, पाच गावचे प्रमुख, कडेला उभी राहिलेली गावातली माणसं. कुणी वाढायचं, कुणी पंगत बसवायची, लातूरच्या पाहुण्यांना कुठं बसवायचं, हे ठरत होतं. साखराबाईचा विषय निघाला तेव्हा बसलिंगप्पा म्हणाला, तिच्या दवाखान्याचं मी बघतो, आणि पुढच्या कामाला लागला.

अय्या उठून उभे राहिले. गळ्यातलं करडगं, म्हणजे लिंगाची डबी, उघडून त्यांनी इष्टलिंग काढलं आणि डाव्या तळहातावर घेतलं. कुजबुज एकदम थांबली. चारचौघांत, पूजेवाचून लिंग हातावर घेणं ही साधी गोष्ट नव्हती.

"नागप्पानं मरणाआधी मला सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "माझ्या मागं जेवण नको. पाच जंगमांना भाकर-आमटी. हिरीला कुलूप नको. म्या लिंगावर हात ठेवून जबान दिली व्हती. ती आज सांगतोय."

बसलिंगप्पाचा चेहरा लाल झाला, पण तो हसला.

"मुहूर्त कुणी सांगितला, अय्या? पहिल्या दिवशी, अण्णाची माती वली असताना? तुमीच ना? मग आज नवव्या दिवशी लिंग हातावर घेऊन उभं ऱ्हायला काय झालं? दक्षिणा कमी पडंल असं वाटलं का?"

दोघंतिघं हसले.

"भ्यालो व्हतो," अय्या म्हणाले.

"कुणाला?"

"तुमाला. आन जावयाची नोकरी जाईल म्हणून. तुमी बोलला व्हता मला, बाजेवर बसवून. मी गप ऱ्हायलो. काल बाई वाळूत दबली."

हसणं थांबलं. भावकीतला किशनराव, सत्तरीचा, खाकरून म्हणाला, "अय्या, रीत मोडायची नसती. माझ्या बापाचं झालं, तुमच्या वडलानंच मंत्र म्हणले."

"हाव. आन तुमच्या बापाचं जेवण घालून तुमचा मळा गेला, किशनराव. तेबी माझ्या वडलानंच बघितलं."

कडेला उभ्या असलेल्या एका फाटक्या गड्यानं मध्येच तोंड घातलं: "तुमचं काय जातंय, अय्या? आमची पोरं आठ दिस जेवणाची वाट बघायलेत. आमच्या तोंडचा घास कामून काढता?"

अय्या त्या गड्याकडं वळले. बसलिंगप्पानं ती वेळ साधली.

"ऐकलंत? गाव काय म्हणतंय ते ऐकलंत? तुमाला जमत न्हाई, तर बसा घरी. जंगमांचा दुष्काळ न्हाई पडला. मी दुसरे आणतो. जेवण व्हणार."

"मी त्या जेवणाला बसणार न्हाई."

आवाज दारातून आला होता. शिवकांता उंबरा ओलांडून बाहेर आली. बसलिंगप्पा झटकन उठला. "अव्वा, तू आत जा. हे पुरुष माणसाचं बोलणं चाललंय."

"जलमभर आतच हाय मी. तुझ्या बापानं मला सांगितलं न्हाई, या अय्याला सांगितलं. ते मला लागलंय, मरंस्तवर लागंल." ती पोराकडं पाहतच बोलत होती. "पण त्यांची जबान मी वळखते, बसलिंग. बहात्तरला तहानेनं हंबरणाऱ्या म्हशींसाठी ते रातचं उठून दावणीला जाऊन बसायचे. घरात कुणाला ते ठाऊक न्हाई, मला ठाऊक हाय. काल अय्यानं मला त्या हंबरण्याचं सांगितलं, ते त्याला कुठून कळंल? त्यांनीच सांगितलंय."

आणि ती चालायला लागली. डोक्यावर ऊन, पायात काही नाही. मांडवातून बाहेर, गोठ्याच्या अंगानं, रानाकडं. बसलिंगप्पा चार पावलं तिच्यामागं गेला, "अव्वा! अव्वा, थांब!" असं म्हणत. पण पाच गावचे लोक बघत असताना आईचा हात कसा धरायचा? तो थांबला. लोक उठले आणि तिच्या मागून चालायला लागले; कुणी पुढं होत नव्हतं, कुणी मागंही फिरत नव्हतं.

रामकिशन विहिरीवर काठी धरून उभा होता.

"सरक, रामकिशन."

"मालकीणबाई, मालकांनी..."

"कोणत्या मालकानं?"

शिवकांतानं वाकून बाभळीचा फांदा उघड्या हातानं धरला आणि ओढला. तो निघेना. तिनं पुन्हा ओढला. तळहातात काटे घुसले, मनगटावर रक्ताचा ओघळ आला. रामकिशन ते बघत होता. मग त्यानं काठी फेकून दिली. "हात काढा तुमी, हात काढा," असं पुटपुटत त्यानं पायातल्या जोड्यानं फांदा दाबला आणि बाजूला लोटला. मग दुसरा. अय्या पुढं झाले आणि तिसऱ्याला भिडले.

घागर घेऊन पहिली कोण आली ते नंतर कुणालाच नक्की आठवेना. पण तासाभरात बायांची रांग लागली. घरटी दोनच घागरी, हे कुणी सांगावं लागलं नाही. शिवकांता हातातले काटे काढत कडेला बसून होती. रांगेकडं मात्र तिचं लक्ष नव्हतं. ती मांडवाच्या दिशेनं पाहत होती, आणि मांडवाखाली बसलिंगप्पा एकटाच उभा होता.

अकराव्या दिवशी गावजेवण झालं नाही. आचारी आदल्या दिवशीच गाशा गुंडाळून गेला. लातूरला निरोप गेला आणि साहेबांची जीप आली नाही. बसलिंगप्पानं बाहेरगावाहून पाच जंगम आणले, घरात बसवले आणि बापाच्या सांगण्याप्रमाणे भाकर-आमटी वाढली. त्या पाचांत भीमाशंकर स्वामींना जागा नव्हती. बसलिंगप्पानं आईला वाढलं, ती जेवली. पण दोघं बोलली नाहीत. विहीर पाऊस येईपर्यंत पुरली, शेवटी गाळणी लावून का होईना, पण पुरली.

अय्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं, असंही काही झालं नाही. ज्यांच्या पोरांनी हुग्गीची वाट पाहिली होती, ते त्यांना पाहून वाट बदलायचे. मोठ्या घरांतून बोलावणी यायची बंद झाली. जेठ महिन्यात दोन लग्नं दुसऱ्या जंगमाकडून लागली. शिपायाची ऑर्डर निघाली, पण ती दुसऱ्याच्या नावानं. रत्नम्मानं सांजचा स्वयंपाक बंद केला. एकवेळच चूल पेटायला लागली.

गुरम्मानं बापाशी बोलणं टाकलं. ताट पुढं सरकवायची आणि आत जायची. अय्यांना वाटलं, नोकरीचा राग आहे, आणि तो खराच आहे. पंधरा दिवसांनी जावयाचा निरोप आला. रोजगार हमीवर तलावाचं काम निघालं होतं, जोडप्याला काम मिळत होतं. गुरम्मानं गाठोडं बांधलं. अय्या तिला सोडायला फाट्यावर गेले. पोर त्यांच्या खांद्यावर झोपली होती. एसटीची धूळ लांबवर दिसली, तेव्हा गुरम्मानं पोर घेतली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं.

"अप्पा, नोकरी गेली त्याचं मला काय न्हाई. आमी दगड फोडू. पण तुमी भर मांडवात म्हणलात, जावयासाठी गप ऱ्हायलो. म्हणजे माझ्यासाठी. मला कुणी इचारलं व्हतं का?" तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतली. "पहिल्या दिवशी बोलला असता तर साखराबाई वाळूत गेली नसती. तिचा पाय माझ्या नावावर टाकू नका."

"तुझ्या नावावर न्हाई, गुरम्मा. माझ्या हाय."

"मग तिला सांगा ते. मला काय सांगता?"

एसटी आली. ती चढली. मागं वळून पाहिलं नाही तिनं, पण पोरीचा हात धरून खिडकीतून हलवला.

अय्या फाट्यावरून घरी गेले नाहीत. वस्तीवर गेले. साखराबाई दारासमोरच्या छपरात बाजेवर पडली होती. पायाला मांडीपासून प्लास्टर. सून कामावर गेलेली. अय्यांना बघून ती उठू लागली, तसं त्यांनी हातानं थांबवलं आणि भुईवर बसले.

"साखराबाई, हिरीला कुलूप लावू नका असं नागप्पानं मला सांगितलं व्हतं. मला ठाऊक व्हतं, आन म्या आठ दिस सांगितलं न्हाई."

"ऐकलंय म्या. मांडवात बोललात ते समदं ऐकलंय." ती छपराच्या कुडाकडं पाहत होती. "आता ते मला सांगून माझा पाय सरळ व्हतो का?"

"न्हाई."

"मग कशाला आलात?"

अय्या भुईवरच बसून राहिले. साखराबाई कुशीवर वळायला गेली, कळ आली, तोंडातून शिवी गेली. मग ती म्हणाली, "दवाखान्याचं बघतो म्हणला बसलिंगप्पा. येकदा बघितलं, पुन्हा कोण आलं न्हाई. अय्या, तुमाला ल्हिता येतं ना?"

"येतं."

"मग ल्हिव्हा. तालुक्याला न्हाई, त्या नव्या जिल्ह्याला ल्हिव्हा, मोठ्या सायबाला. झिऱ्यात बाई दबली. पाय मोडला. टँकर धाडा. आन बाईला काय मदत बसत आसंल ती द्या." थोडी थांबून तिनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं. "हीर कुणी बंद केली तेबी ल्हिव्हा. खाली गवाह म्हणून तुमचं नाव घाला."

तो कागद लातूरला गेला की बसलिंगप्पाच्या कानावर जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. अय्यांनी सदऱ्याच्या खिशातून पंचांगाचा घडी केलेला कोरा कागद आणि पेन्सिल काढली. गुडघ्यावर कागद सपाट केला.

"तुझं पूर्ण नाव सांग," ते म्हणाले, "बापाचं, नवऱ्याचं, सगळं." आणि लिहायला लागले.